कालयंत्र आणि परका वाचक

एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' ही छोटेखानी कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या पृष्ठसंख्येच्या मानाने तिच्यावर झालेले लेखन फारच अधिक आहे. त्यात आम्ही आणखी भर घालीत आहो, याचे कारण एवढेच की, असे पुस्तक दुसऱ्याच्या हाती कसे द्यावे या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या पुस्तकातच सापडले, आणि ते आमच्या आजवरच्या वहिवाटीला प्रतिकूल निघाले.

वहिवाट अशी होती. विद्यार्थ्याला पुस्तक देताना आम्ही दोन शब्द सांगत असू. 'एलॉय' म्हणजे ऐषारामी धनिकांचे वंशज, 'मॉरलॉक' म्हणजे जमिनीखाली ढकललेल्या कामगारांचे. हे ध्यानात ठेवून वाचा. आमच्या प्रतीच्या समासांतही शिसपेनीने हेच लिहिलेले होते. एका चांगल्या विद्यार्थ्याने ती प्रत आठ दिवसांनी परत आणली. "सर, आपण सांगितलंत तसंच आहे," एवढेच तो म्हणाला. पुढे एकदा बेळगावहून मिरजेला जाताना समोर बसलेल्या एका अपरिचित गृहस्थांनी आमच्याजवळची नवी प्रत सहज चाळावयास मागितली. घटकाभराने आम्ही सवयीप्रमाणे काही बोलू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला. "पुढचं सांगू नका हो!" मिरज आली तेव्हा वाचन अर्ध्यावर होते. पुस्तक आम्ही त्यांच्यापाशीच राहू दिले. त्यांचे नावही विचारले नाही.

त्या गृहस्थांचे म्हणणे रास्त होते, हे कादंबरी पुन्हा वाचताना पटले. वेल्स यांचा कालप्रवासी इसवी सन ८०२७०१ मध्ये उतरतो आणि उतरल्या क्षणापासून अनुमाने करू लागतो. ती अनुमाने एकामागून एक ढासळतात. फळे खाऊन राहणारी, खुजी, कोमल, निरुद्योगी माणसे पाहून त्याला प्रथम वाटते की, येथे साम्यवाद सिद्धीस गेला, निसर्ग जिंकला गेला आणि कष्ट संपल्यामुळे मनुष्यजात दुबळी झाली. मग त्याला त्या विहिरी आणि त्यांतून वर येणारे पांढुरके प्राणी दिसतात. आता तो धनिक आणि कामगार यांचा सिद्धांत मांडतो. म्हणजे आमच्या समासातील टीप ही प्रवाशाची मधली, अपुरी पायरी होती! विहिरीच्या तळाशी, काळोखात, त्याला एका मेजावर मांसाचा मोठा तुकडा दिसतो. एवढा मोठा कोणता प्राणी या युगात उरला असेल, असे तो स्वतःशीच विचारतो, आणि वेल्स तेथे उत्तर देत नाहीत. वाचक त्या उत्तरापाशी प्रवाशाच्या किंचित आधी पोचतो व दचकतो. या कादंबरीचा सारा आस्वाद या दचकण्यात साठला आहे. ज्याला आधीच सांगून ठेवले आहे, तो दचकणार कसा? शिवाय शेवटचा निष्कर्षही चुकीचा असू शकेल, अशी कबुली प्रवासी देतो. लेखकाने ज्या अर्थाला स्वतः कुलूप लावले नाही, त्याला आम्ही का लावावे?

पहिल्या प्रकरणातील चौथ्या मितीची चर्चा कंटाळवाणी आहे, अशी तक्रार नेहमी कानी येते. भूमितीपुरती ती आम्हांलाही मान्य आहे. वीनेचे चित्रणही पातळच उतरले आहे. तिच्याविषयीची करुणा प्रवाशाच्या शब्दांत आहे, तिच्या स्वतःच्या व्यक्तिरेखेत नाही. परंतु त्याच पहिल्या प्रकरणात यंत्राची छोटी प्रतिकृती सर्वांसमक्ष नाहीशी होते, तेव्हा तिची कळ यजमान स्वतः दाबीत नाही. तो मानसशास्त्रज्ञ पाहुण्याचा हात धरतो आणि त्याच्याच बोटाने ती दाबवून घेतो. पुस्तक देण्याची याहून चांगली रीत आम्हांला ठाऊक नाही.

या पाहुण्यांपैकी बहुतेकांना नावेही नाहीत. वैद्य, संपादक, मानसशास्त्रज्ञ, नगराध्यक्ष अशा धंद्यांवरूनच ते ओळखले जातात. हकीकत ऐकून संपादकाला ती निव्वळ थाप वाटते. वैद्य प्रवाशाने आणलेली दोन पांढरी फुले न्याहाळतो आणि त्यांची जात ओळखू शकत नाही. प्रवासी कोणावरही विश्वासाची सक्ती करीत नाही. दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा आणि पाठपिशवी घेऊन पुन्हा जातो, तो तीन वर्षे लोटली तरी परतत नाही. फुले निवेदकापाशी राहतात. आमच्या वाचकांना येथे जयंत नारळीकर यांचे 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवेल. तेथे दुसऱ्या इतिहासाचा पुरावा म्हणून बखरीचे एक फाटके पान हाती उरते. फुलापेक्षा पान अधिक बोलके हे खरे. पण तेही वाचावयास दुसरा माणूस लागतो, आणि गंगाधरपंत ते दुसऱ्यालाच दाखवतात.

कादंबरीतील एक प्रसंग मात्र शिक्षकांनी पुन्हा अवश्य वाचावा. हिरव्या चिनी मातीच्या त्या ओसाड प्रासादात, म्हणजे एका जुन्या वस्तुसंग्रहालयात, प्रवासी एका दालनात शिरतो. भिंतींवर काळ्या-तपकिरी चिंध्या लोंबत असतात. त्या ग्रंथांच्या आहेत, हे त्याला मागाहून कळते. त्या क्षणी त्याला प्रकाशशास्त्रावरील स्वतःचे सतरा निबंध आठवतात. (विद्वत्सभांच्या सभासदांनी येथे हसण्यास हरकत नाही, आम्ही हसलो, पण जरा कसनुसे.) त्याच इमारतीत हवाबंद पेटीतली काड्यापेटी मात्र शाबूत सापडते. काडी जपून ठेवली तर टिकते. ग्रंथाचे तसे नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय-चळवळीत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. त्या पेटीतले पुस्तक कोणाच्या हाती पडेल हे पाठवणाऱ्याला कधीच ठाऊक नसे, आणि तरीही पेट्या जात.

वर्गात कठीण शब्दांचे अर्थ सांगावे लागतात, ते जरूर सांगावे. कथेचा अर्थ मागाहून, विद्यार्थी स्वतः चुकून परतल्यावर, बोलावा. तेव्हा आमचे मत त्याच्या मतांतले एक होईल. मिरजेच्या त्या गृहस्थांनी पुस्तक पुढे कोणाला दिले, की कपाटात ठेवले, हे आम्हांला कळण्याचा मार्ग नाही. समासांत टिपा असलेली प्रत आमच्याकडेच आहे. ती आम्ही आता कोणास देत नाही.