घरातला मार आणि समाजाची अब्रू

शोषित समाजातील स्त्रीने आपल्या घरातला मार लिहावा की लिहू नये? हा प्रश्न वाङ्मयीन आहे, त्याहून अधिक सामाजिक आहे. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लेखिका सँड्रा सिस्नेरोस यांनी आपल्या कथांतून त्याचे उत्तर दिले आहे. ते नीट तपासले पाहिजे.

‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीतील मुली भेटतात. एकीला नवरा कोंडून ठेवतो, दुसरीला बाप मारतो. पण या वास्तवाचा खरा उलगडा होतो तो ‘वुमन हॉलरिंग क्रीक’ (१९९१) या कथेत. मेक्सिकोतील क्लेओफिलास लग्न करून टेक्सासमधील सेगीन गावी येते. प्रेमासाठी सोसण्यात गोडी आहे, हे तिला टीव्हीवरच्या मालिकांनी शिकवलेले. पुरुषाने हात उगारला तर आपण उलट मारू, असे ती पूर्वी म्हणायची. पहिला तडाखा बसतो तेव्हा ती सुन्न होते आणि रडणाऱ्या नवऱ्याच्याच केसांवरून हात फिरवते.

इथे लेखिका नवऱ्याला राक्षस करीत नाही आणि सगळा दोष ‘मेक्सिकन संस्कृती’च्या माथी मारत नाही. क्लेओफिलासला इंग्रजी येत नाही, तिच्याकडे गाडी नाही, फोन नाही, माहेर सीमेपलीकडे. माराइतकेच हे एकटेपणही तिला बांधून ठेवते. गोऱ्या समाजाला ‘त्यांचे पुरुषच तसे’ म्हणणे सोयीचे असते. परंतु २०१०-१२ च्या राष्ट्रीय पाहणीत जोडीदाराचा अत्याचार सोसलेल्या लॅटिना स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश, म्हणजे गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक नव्हते. फरक आहे तो बाहेर पडण्याच्या वाटेत.

ती वाट कायद्यानेही अडवली. १९८६ च्या कायद्याने परदेशी पत्नीचा कायम वास्तव्याचा हक्क दोन वर्षे लग्न टिकण्याशी बांधला. मार खाणारीला १९९० मध्ये सूट मिळाली. १९९४ च्या कायद्याने नवऱ्याच्या सहीवाचून अर्ज करता येऊ लागला. पण नवराच कागदपत्रांविना राहत असेल तर ही वाटही बंद. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ च्या निबंधात एका लॅटिना स्त्रीची हकीकत दिली आहे. इंग्रजी येत नाही म्हणून तिला आश्रयगृहाने दार बंद केले. मुलगा दुभाषी व्हायला तयार होता, तरीही. पीडित स्त्रियांसाठी उघडलेले दारही सर्वांसाठी उघडे नसते.

आणि बोलले तर? सोळाव्या शतकात स्पॅनिश आक्रमक कोर्तेसची दुभाषी झालेली मालिन्चे मेक्सिकन मनात फितूर ठरली. ती त्याला गुलाम म्हणून दिली गेली होती, हे मात्र विसरले जाते. आपल्या पुरुषांवर टीका करणाऱ्या स्त्रीवर तोच शिक्का बसतो, हे चेरी मोरागा यांनी १९८३ मध्येच मांडले.

हे दडपण आपल्यालाही परके नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये सासुरवाशिणींचे हाल आहेत. पण स्वतःच्या नवऱ्याचा मार त्यांनी त्यात लिहिला नाही. तो पुढे अनुवादिका माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितला. समाजाची कहाणी सांगताना बाईने आपली बाजूला ठेवायची, ही अट कोणी घातली? पहिल्या पिढीचा पदवीधर आणि पुरुष म्हणून मला या प्रश्नातून सुटका नाही.

कथेच्या शेवटी दवाखान्यातील ग्रासिएला तिच्या अंगावरचे वळ पाहते आणि मैत्रीण फेलिसेला फोन करते. फेलिसे स्वतःच्या कमाईच्या गाडीतून क्लेओफिलासला घेऊन निघते आणि ओढा ओलांडताना मोठ्याने आरोळी ठोकते. आरोळी रडण्याचीच असते असे नाही, हे क्लेओफिलासला तेव्हा कळते. तरी माझी एक तक्रार आहे. नायिका परतते ती बापाच्याच घरी. पोटात एक आणि कडेवर एक मूल घेऊन ती तिथे कशी जगेल, हे कथा सांगत नाही. पण एक गोष्ट ती ठामपणे सांगते : क्लेओफिलासला बाहेर काढणाऱ्या दोघी तिच्याच समाजाच्या, तिचीच भाषा बोलणाऱ्या आहेत. मार लिहिल्याने समाजाची अब्रू जात नाही. मार पाहूनही फोन न करणाऱ्या समाजाची अब्रू कधीच गेलेली असते.