लपलेल्यांना हाक कोण देणार?

कथेच्या पुढील भागाची वाट पाहणे हा वाचकाचा जुनाच छंद आहे. मासिकातून क्रमशः येणाऱ्या कादंबरीच्या पुढच्या प्रकरणासाठी आपल्या वाडवडिलांनी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावले होते. तीच उत्कंठा आजची किशोरवयीन मुले व्हिडिओ गेमच्या बाबतीत अनुभवतात, असे म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळावर आठ्या पडतात. गेम म्हणजे गोळीबार, गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. ते सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या कलाप्रकारात बंदूक नाही, शत्रूचा निःपात नाही, गुणांची मोजदाद नाही, केवळ पाच मुले, एक रात्र आणि एक मृत्यू एवढेच आहे, त्याची वाट मुले का पाहतात, हा प्रश्न गंभीरपणे विचारण्याजोगा आहे. 'ऑक्सनफ्री' या गेमच्या निमित्ताने तो येथे विचारावा, असे आम्हांस वाटते.

कॅलिफोर्नियातील नाइट स्कूल स्टुडिओ या लहानशा संस्थेने हा गेम जानेवारी २०१६ मध्ये प्रकाशित केला. शॉन क्रँकेल आणि अ‍ॅडम हाइन्स हे दोघे चुलतभाऊ या संस्थेचे संस्थापक; लेखन हाइन्स यांचे. त्याचा दुसरा भाग, 'ऑक्सनफ्री २ : लॉस्ट सिग्नल्स', एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाला आणि नियोजित मुहूर्त पुढे ढकलला जात अखेर १२ जुलै २०२३ रोजी आला. मधल्या काळात, २०२१ मध्येच, नेटफ्लिक्सने ही संस्था विकत घेतली. म्हणजे पहिल्या भागानंतर दुसरा हाती पडेपर्यंत साडेसात वर्षे लोटली. सोळाव्या वर्षी पहिला भाग खेळलेला मुलगा दुसरा भाग हाती घेताना तेवीस वर्षांचा झाला होता. या प्रतीक्षेचे मर्म समजण्यासाठी प्रथम कथासूत्र पाहू.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळचे एडवर्ड्स आयलंड हे एक काल्पनिक बेट. पूर्वी तेथे लष्कराचा तळ होता. आता दिवसा पर्यटक येतात आणि रात्री बेट निर्मनुष्य होते. अ‍ॅलेक्स ही शाळेच्या अखेरच्या वर्षातील मुलगी काही सोबत्यांसह रात्र जागवण्यासाठी तेथे येते. तिच्याबरोबर जोनस आहे. तिच्या आईने दुसरा विवाह केल्यामुळे तो तिचा सावत्र भाऊ झाला आहे आणि त्या दोघांची ओळख आत्ताच झालेली आहे. बालमित्र रेन आहे, अबोल नोना आहे आणि क्लॅरिसा आहे. अ‍ॅलेक्सचा थोरला भाऊ मायकल पोहताना बुडून मरण पावला. क्लॅरिसा त्याची प्रेयसी होती आणि त्या मृत्यूचा दोष ती अ‍ॅलेक्सलाच देते. एका गुहेत अ‍ॅलेक्स आपल्या लहान रेडिओची कळ फिरवते, एक विचित्र लहरी जुळते आणि काळाला तडा जातो. त्या फटीतून जे आवाज येतात ते दुसऱ्या महायुद्धात स्वपक्षाच्याच चुकीच्या माऱ्यामुळे बुडालेल्या 'कानालोआ' या पाणबुडीतील माणसांचे असतात.

येथे शीर्षकाकडे लक्ष द्यावयास हवे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या लपंडावात 'ऑली ऑली ऑक्सन फ्री' अशी एक आरोळी असते. तिचा शब्दशः अर्थ कोणी लावीत बसत नाही. आशय इतकाच की डाव संपला, जे कोणी अजून लपलेले असतील त्यांनी बिनघोर बाहेर यावे, त्यांच्यावर राज्य येणार नाही. आपल्या अंगणातील लपंडाव ज्यांना आठवतो त्यांना हेही आठवत असेल की कधी कधी सगळे जण भोज्यापाशी जमतात, दिवेलागणीला घरोघर पांगतात, आणि एखादे पोर मात्र माळ्यावर किंवा विहिरीच्या कठड्याआड तसेच दबून बसलेले असते. आपण जिंकत आहोत अशा समजुतीत ते असते. वास्तविक त्याला सगळे विसरलेले असतात.

आमच्या मते ही प्रतिमा संपूर्ण कथेची किल्ली आहे. पाणबुडीतील मृत हे लपंडावात विसरलेले ते पोर आहेत. त्यांना कोणी हाक दिलीच नाही. ज्या देशासाठी ते समुद्रात उतरले त्याच देशाच्या चुकीने ते बुडाले. म्हणून ते अ‍ॅलेक्सच्या सोबत्यांच्या देहांत शिरतात, त्यांच्या तोंडून बोलतात आणि सुटकेची किंमत म्हणून जिवंत माणसांचे देह मागतात. सामान्य भयकथेत भूत म्हणजे मूर्तिमंत दुष्टावा असतो. येथे ते तसे नाही. त्यांची तक्रार खरी आहे. मागणी मात्र अन्याय्य आहे. खऱ्या दुःखातूनही अन्याय्य मागणी जन्माला येऊ शकते, हे किशोरवयीन मुलांना सांगणारी कथा सामान्य म्हणता येत नाही.

शेवटी अ‍ॅलेक्सपुढे पेच उभा राहतो. क्लॅरिसाला त्या मृतांच्या हवाली करून स्वतः सुटावे, आपणच मागे राहावे, की त्या आवाजांना त्यांच्या नावांची आणि माणुसकीची आठवण देऊन जाऊ देण्यास विनवावे? क्लॅरिसाला सोडून दिले तर ती केवळ मरत नाही. ती कधी अस्तित्वातच नव्हती असे सगळ्यांना वाटू लागते. एका विसरलेल्याची भरपाई म्हणून दुसऱ्याला विस्मरणात लोटणे, अशी ती देवघेव आहे. आणि जी मुलगी आपल्याला दोष देते, टोचून बोलते, तिलाच सोडून देणे किती सोपे असते! शत्रूवर प्रीती करा, हे वचन आपण व्यासपीठावरून सहज उच्चारतो. येथे ते एका चिडखोर मुलीच्या रूपाने खेळणाऱ्यापुढे उभे राहते आणि निर्णय त्यालाच घ्यावा लागतो.

आता अभिव्यक्तीविषयी. या गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती मुख्यतः दोन गोष्टी असतात : रेडिओची कळ आणि बोलणे. पात्रे चालता चालता बोलत असतात. अ‍ॅलेक्सच्या डोक्यावर दोन-तीन उत्तरांचे फुगे उमटतात आणि थोड्या वेळाने विरून जातात. त्यांतले एक निवडावे किंवा काहीच निवडू नये. काहीच न निवडणे म्हणजे गप्प राहणे, आणि गप्प राहण्याचाही अर्थ समोरचा लावतो. आपल्या कादंबऱ्यांतील संवाद पुष्कळदा आखीव असतो. एकाचे संपले की दुसरा सुरू करतो. येथे मुले एकमेकांचे बोलणे तोडतात, विषय टाळतात, नको तेथे विनोद करतात. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे अशा मुलाशी काय बोलावे हे न सुचून होणारी घालमेल या फुग्यांच्या विरून जाण्यात अचूक उतरली आहे. योग्य शब्द सापडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. अँड्र्यू रोहरमन यांचे संगीत आणि हेदर ग्रॉस यांची जलरंगांसारखी दृश्ये या घालमेलीला पोषकच आहेत; विस्तीर्ण निसर्गात पात्रे इवलीशी दिसतात, हा त्या चित्रदृष्टीचा विशेष.

आमच्या दृष्टीने सर्वांत कळीचा मुद्दा पुढेच आहे. काळाच्या फटींतून अ‍ॅलेक्स मायकलला पुन्हा भेटते. त्या भेटींत ती त्याला काय सांगते यावर पुढचे बरेच अवलंबून असते. काही वाटांनी गेल्यास शेवटी मायकल जिवंत असतो. यावर एक रास्त आक्षेप घेता येईल : मृत्यू असा पुसून टाकता येतो, असे मुलांना सांगणे म्हणजे त्यांची दिशाभूल नव्हे काय? दफनभूमीत आम्ही कित्येक कुटुंबांजवळ उभे राहिलो आहोत. तेथे प्रत्येकाच्या मनात एक 'जर' असतो. जर त्या दिवशी त्याला पाठवले नसते, जर डॉक्टरांकडे आधी नेले असते, जर आदल्या रात्री भांडण झाले नसते. हा 'जर' माणसाला आतून पोखरतो. त्याला खतपाणी घालणारी कथा आम्हांस मुळीच मान्य झाली नसती.

परंतु गेमने येथे सवंगपणा केलेला नाही. मायकल वाचला की घर मोडत नाही. घर मोडले नाही की आईचा दुसरा विवाह होत नाही. आणि जोनस परका होतो. रात्रभर जो जिवाला जीव देत बरोबर चालला, तो भाऊ उरत नाही. शोकातून जे नवे नाते उगवले तेच या 'जर'ची किंमत ठरते. शिवाय कथा संपता संपता अ‍ॅलेक्सचा आवाज अडखळतो आणि ती पुन्हा त्याच बेटावर जाण्याचा बेत सांगू लागते; म्हणजे सुटका झालीच नाही, चक्र पुन्हा सुरू झाले. जो 'जर' सोडत नाही तो त्याच रात्रीत फिरत राहतो, हे सत्य उपदेशाचा एकही शब्द न वापरता येथे प्रत्ययास येते. पुन्हा खेळणाऱ्याला एक वाट अशी मिळते की अ‍ॅलेक्स आपल्याच भूतकाळातील रूपाला बेटावर जाऊ नकोस असे बजावते. सुटका भूतकाळ सुधारण्यात नाही, त्या खेळातून उठण्यात आहे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

दुसऱ्या भागाची साडेसात वर्षांची प्रतीक्षा कशासाठी होती, हे आता स्पष्ट व्हावे. ती नव्या करमणुकीसाठी नव्हती. अ‍ॅलेक्स अजून त्या फेऱ्यात लपलेली आहे आणि तिला हाक द्यावयाची राहिली आहे, अशी ती भावना होती. दुसऱ्या भागात ही हाक देण्याचे काम रायली या तिशी ओलांडलेल्या स्त्रीकडे येते. ती आपल्या गावी, कमेना येथे, संशोधनाच्या कामासाठी परतली आहे. जेकब हा स्थानिक माणूस तिच्या सोबतीला आहे. शेवटी ती फट मिटवण्यासाठी कोणी तरी मागे राहणे भाग पडते. किशोरांची कथा येथे प्रौढांची झाली आहे : भावाला गमावलेल्या बहिणीच्या जागी, आपण चांगली आई होऊ शकू काय या शंकेने ग्रासलेली स्त्री आली आहे. वाट पाहणाऱ्यांबरोबर कथाही वयाने वाढली, हे आम्हांस विशेष वाटले.

दोष नाहीत असे नाही. पहिल्या भागात कोडी म्हणून जे आहे ते बहुधा रेडिओची कळ फिरवण्यापलीकडे जात नाही. चालण्याची गती संथ आहे, आणि उत्तर निवडले की पुष्कळदा समोरच्याचे वाक्य अर्धवट तुटते. हे वास्तवाला धरून असले तरी ऐकणाऱ्याची निराशा होते. दुसऱ्या भागात वॉकीटॉकीवरून बोलणारी माणसे फार झाली आहेत आणि जेथे पहिला भाग मौन पाळून भेडसावीत होता तेथे हा स्पष्टीकरण देतो. दीर्घ प्रतीक्षेचा हाही एक धोका असतो. लेखकाला वाटते, वाट पाहणाऱ्यांना सगळी उत्तरे द्यावयास हवीत; आणि गूढ पातळ होते.

तरीही या दोन्ही भागांचे मोल आम्ही कमी मानीत नाही. आपल्या घरांत मृत्यू झाला की मोठी माणसे एकमेकांचे सांत्वन करतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र 'तू आता शहाण्यासारखा वाग' एवढेच सांगितले जाते. तो शहाण्यासारखा वागतो, म्हणजे लपून बसतो. नवव्या दिवसाची प्रार्थना होते, महिन्याची मिस्सा होते, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि सगळ्यांना वाटते की डाव आटोपला. त्या मुलाच्या हाती असा एखादा गेम दिसला, तर तो हिसकावून घेण्यापूर्वी त्याच्याजवळ घटकाभर बसून पडद्यावर काय चालले आहे ते पाहावे, एवढीच पालकांना आमची विनंती आहे. कदाचित तो बेटावरच्या मुलीची सुटका होण्याची वाट पाहत नसेल. घरातले कोणी आपल्या भावाचे नाव पुन्हा कधी काढील, याची वाट पाहत असेल.