प्रौढ साक्षरता आणि मेंदूविज्ञानाची साक्ष

सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने निरक्षर प्रौढांना सुमारे चार महिन्यांत लिहिण्यावाचण्यास शिकविण्याचे कार्य हाती घेतले. गाव साक्षर झाले की समारंभपूर्वक त्याचा गौरव होई. पुढे ही मोहीम राज्यातील इतर जिल्ह्यांतही गेली. परंतु शिकलेल्यांपैकी पुष्कळ जण कालांतराने पुन्हा निरक्षर झाले, ही तिची सर्वमान्य उणीव होय. या विस्मरणाचा दोष कोणाकडे जातो, हा प्रश्न मेंदूविज्ञानातील अलीकडच्या संशोधनाच्या प्रकाशात पुन्हा तपासणे अगत्याचे आहे.

स्तानिस्लास दहान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पोर्तुगाल आणि ब्राझील येथील निरक्षर, बालपणी साक्षर झालेल्या व प्रौढपणी साक्षर झालेल्या व्यक्तींची तुलना प्रसिद्ध केली. बालपणी शिकलेल्यांच्या मेंदूत दिसणारे बहुतेक बदल प्रौढपणी शिकलेल्यांतही आढळले. २०१७ मध्ये मिखाएल स्काइडे प्रभृतींचा लखनौजवळच्या खेड्यांतील प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे शिकविलेली लिपी देवनागरीच असल्याने मराठी अभ्यासकाला त्याचे विशेष महत्त्व आहे. बहुतांशी तिशीतल्या निरक्षर व्यक्ती सहा महिन्यांत पहिलीतील मुलाच्या बरोबरीने वाचू लागल्या. आणि थॅलॅमस व मध्यमेंदू या खोलवरच्या भागांचा दृष्टिक्षेत्राशी असलेला कार्यसंबंध दृढ झाल्याचे दिसून आले.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. ‘प्रौढाचे डोके आता चालायचे नाही’ ही समजूत निराधार ठरते. साताऱ्यातील प्रौढ विसरले ते त्यांची ग्रहणशक्ती सरली म्हणून, असे म्हणण्यास आता जागा उरत नाही.

तथापि या निष्कर्षाचा लोकप्रिय अनुवाद ‘वाचनाने मेंदू बदलतो’ असा केला जातो, तो मात्र फसवा आहे. कोणत्याही शिक्षणाने मेंदूत काही ना काही बदल घडतोच. तेवढे सांगून नवे काही सांगितले जात नाही. शिवाय झालेला बदल कायम टिकतो, असे या प्रयोगावरून सिद्ध होत नाही. शिकविणे थांबल्यावर वर्षा-दोन वर्षांनी त्या व्यक्तींचे वाचन कसे राहते, हा त्याचा विषयच नव्हता. मोहिमेच्या दृष्टीने तर तोच कळीचा प्रश्न होता.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. अक्षर व शब्द ओळखणे ही वाचनाची केवळ पहिली पायरी होय. सांगली जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ या नावाने ओळखला जात असे, आणि कृष्णाकाठची बोली दोन्हीकडे बव्हंशी एकच आहे. त्या बोलीत ‘पानी’ आणि ‘न्हाई’ म्हणणाऱ्या प्रौढाला पुस्तकात ‘पाणी’ आणि ‘नाही’ भेटतात. ‘कि’ या अक्षरातील वेलांटी व्यंजनाआधी लिहायची, पण उच्चारायची त्याच्या नंतर. म्हणजे लिपीबरोबरच त्याला प्रमाणभाषेचे वेगळे रूपही आत्मसात करावे लागते. एवढे अंतर चार महिन्यांत तोडता आले, तरी नित्याच्या सरावावाचून ते तुटलेले राहत नाही.

हा सराव वर्गापेक्षा व्यवहारात अधिक होतो. साखर कारखान्याची वजनपावती, सांगलीच्या बाजारातील हळदीची हिशेबपट्टी, तलाठ्याकडचा सातबारा ही प्रौढाची खरी क्रमिक पुस्तके होत. ती दुसऱ्याकडून वाचून घेऊन अंगठा उमटविण्याची रीत चालू राहिली, तर शिकलेली अक्षरे उपयोगावाचून पुसली जाणे स्वाभाविक आहे. म्हणून उणीव प्रौढाच्या मेंदूत शोधण्यापेक्षा गौरवसमारंभानंतर त्याच्या हाती काय वाचावयास दिले गेले, हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल. प्रौढ शिकू शकतो, एवढीच मेंदूविज्ञानाची साक्ष आहे. त्याला वाचते ठेवण्याची जबाबदारी शिकविणाऱ्या समाजाचीच राहते.