‘साचा’ शोधला, ‘साच्यात’ राहिला

नोट्सच्या अ‍ॅपबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: टॅग कशाला लावत बसता, सर्च आहे ना! इंग्रजीत हा सल्ला बऱ्यापैकी चालतो. मराठीत तो तोंडघशी पाडतो.

शिरोली एमआयडीसी म्हणजे फाउंड्र्या. समजा, तिथल्या कुणी मोबाइलवर टिपून ठेवलं, ‘साच्यात ओल राहिली, कास्टिंगला छिद्रं पडली.’ महिन्याभरानं तोच दोष आला आणि त्यानं ‘साचा’ शोधलं, तर साधा सर्च ही नोट दाखवणारच नाही. तो फक्त अक्षरं जुळवतो, आणि ‘साच्यात’मध्ये ‘साचा’ सलग सापडत नाही. आपलं सामान्यरूप आडवं येतं. #साचा हा टॅग शब्दाचं मूळ रूप धरून ठेवतो.

पण टॅगवाल्यांचंही सगळं खरं नाही. आज #साचा, उद्या #साचे, परवा #मोल्ड असं मनाला येईल तसं लावलं, की एकाच गोष्टीचे तीन कप्पे होतात. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९३७ मधली छापील पुस्तकं विषयवार लावली. पुस्तकागणिक नवा विषय काढला असता, तर नुसती यादी उरली असती, सूची झाली नसती.

म्हणून मोजकेच टॅग ठरवा, मूळ रूपात लिहा आणि पहिली नोट त्या टॅगांचीच करा. दोष पुन्हा येतो तेव्हा भट्टी आपल्यासाठी थांबत नाही.