कादंबरीला लागणारे दिवस

दलित साहित्यात कविता उदंड, आत्मकथने भरपूर. कादंबरी तेवढी थोडी. प्रस्थापित समीक्षक याला 'दीर्घ दमाचा अभाव' म्हणतात आणि मोकळे होतात. हा दम येतो कोठून? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातला होतकरू लेखक घ्या. मुकादमाची उचल फेडायला दिवाळीच्या सुमारास कोयता घराबाहेर पडतो (कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, माणसाला हत्याराचे नाव!) आणि गाव पुन्हा दिसते ते उन्हाळ्यात. पहाटे फड, रात्री-अपरात्री गाडी भरणे. पाचटाच्या कोपीत एखादी कविता होते. कादंबरीतली माणसे मात्र आठ दिवस सोडली की अनोळखी होतात.

मग अण्णा भाऊ साठ्यांचा दाखला आमच्या तोंडावर फेकला जातो. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून त्यांनी तीसएक कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ ची, १९६१ साली तिला राज्य पुरस्कार. खरेच आहे. पण ती झोपडी बारा महिने जागेवर होती. कोपी हंगामापुरती, पुढच्या वर्षी कारखानाही दुसरा असू शकतो.

तेव्हा सलग कथानकाचाच आग्रह कशासाठी? अर्धे वर्ष गावकुसाबाहेर, अर्धे फडावर. हे तुटलेपणच या कादंबरीची रचना होऊ शकेल. असे हस्तलिखित आले तर संपादकांनी ते 'विस्कळीत' असा शेरा मारून परत पाठवू नये.