धाकट्या बहिणींचे दिवस

रवींद्रनाथ टागोर १९२४ मध्ये पेरूला निघाले होते. वाटेत तब्येत बिघडली आणि ब्युनोस आयर्सजवळच्या सान इसिद्रोमध्ये ते व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे पाहुणे झाले. कवीने त्यांना ‘विजया’ हे नाव दिले, ‘पूरबी’ हा संग्रह अर्पण केला. ही हकिगत आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. व्हिक्टोरियांच्या सहा बहिणींतली सर्वांत धाकटी, सिल्विना, ही आर्जेन्टिनाची एक विलक्षण कथालेखिका होती, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. १९३७ मध्ये सिल्विनाचा पहिला कथासंग्रह आला, तेव्हा खुद्द थोरल्या बहिणीने आपल्या ‘सूर’ नियतकालिकात त्यावर टीकेचा सूर लावला होता. सिल्विनाच्या कथांत मुले क्रूर असतात, घरातल्या वस्तू संशयास्पद वागतात, वाढदिवसाच्या समारंभात मरण येऊन बसते. पुढे साठच्या दशकात लॅटिन अमेरिकन कादंबरीचा जगभर गाजावाजा झाला. त्या गाजावाज्यात मार्केझ, कोर्तासार, योसा होते. सिल्विना नव्हती.

आज चित्र पालटले आहे. दक्षिण अमेरिकेच्या स्पॅनिश कथासाहित्यातले सर्वांत जिवंत लेखन सिल्विनाच्या वारसदार करीत आहेत, असे माझे मत आहे. त्यांतल्या मारियाना एन्रिकेझ यांनी २०१४ मध्ये सिल्विनाचे चरित्रच लिहिले. त्याचे नाव ‘धाकटी बहीण’. मार्केझ यांची ‘शंभर वर्षांचा एकांत’ १९६७ मध्ये आली, तेव्हा अद्भुत हे आजीच्या तोंडून सहज यावे तसे येत होते. या लेखिकांकडे अद्भुताची जागा भयाने घेतली आहे. हे भय हवेतले नाही. त्याला गाव आहे, नदी आहे, पोलीस चौकी आहे.

एन्रिकेझ यांच्या २०१६ च्या संग्रहातली एक कथा ब्युनोस आयर्सच्या दक्षिण कडेने वाहणाऱ्या रियाचुएलो नदीकाठी घडते. चामड्याच्या कारखान्यांनी आणि इतर उद्योगांनी दीडएकशे वर्षे ही नदी नासवली. कथेत पोलीस दोन पोरांना त्या पाण्यात ढकलतात आणि काही काळाने त्यांतला एक परत आल्याची वार्ता येते. नदीतून काय वर आले आहे, हा भयकथेचा प्रश्न. पण त्या पाण्यात काय काय टाकले गेले, हा त्याआधीचा प्रश्न कथा आपल्याला सोडू देत नाही. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसे नाहीशी केली गेली. कित्येकांना विमानातून नदीत आणि समुद्रात फेकले गेले. त्या देशात पाण्यातून परतणारा मृतदेह ही निव्वळ कल्पना राहत नाही.

सामान्ता श्वेब्लिन यांची २०१४ ची छोटी कादंबरी याहून संयत आहे. ‘सुटकेचे अंतर’ असे तिचे मूळ नाव. मूल संकटात सापडले तर धावत तिथवर पोहोचायला किती वेळ लागेल, हा हिशेब एक आई सतत करीत असते. ती खेड्यातल्या दवाखान्यात मरणपंथाला पडली आहे आणि शेजारी बसलेला एक मुलगा तिला प्रश्न विचारतो आहे. गवतावरचे दव वाटणारा ओलावा दव नसतो. आर्जेन्टिनाने १९९६ मध्ये जनुकबदल केलेल्या सोयाबीनला परवानगी दिली आणि तणनाशकांच्या फवाऱ्याखाली मैलोन्‌मैल जमीन आली. श्वेब्लिन त्याविषयी एकही भाषण करीत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळच्या कापसात फवारणी करताना माणसे दगावलेली ज्यांना आठवतात, त्या वाचकांना भाषणाची गरजही नाही.

इतर देशांतही हाच प्रवाह दिसतो. उरुग्वेच्या फर्नांडा त्रियास यांनी २०२० च्या कादंबरीत विषारी वाऱ्याने ग्रासलेले बंदर उभे केले. इक्वेडोरच्या मारिया फर्नांडा आम्पुएरो यांच्या ‘कोंबड्यांची झुंज’ या २०१८ च्या संग्रहातली पहिली कथा मला सर्वांत बळकट वाटते. झुंजीच्या अड्ड्यावर बापासोबत वाढलेली मुलगी लहानपणीच शिकते, की मेलेल्या कोंबड्याची आतडी अंगाला फासली तर पुरुष जवळ येत नाहीत. मोठेपणी अपहरण होऊन तिचा लिलाव मांडला जातो, तेव्हा किळस हेच तिचे शस्त्र होते. इथे भूत नाही, चेटूक नाही. भय मात्र पुरेपूर आहे.

या लेखनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एन्रिकेझ यांच्या ‘रात्रीचा आपला वाटा’ या एर्राल्दे पुरस्कारप्राप्त कादंबरीत (२०१९) धनाढ्य घराण्यांचा एक गुप्त पंथ हुकूमशाहीच्या आडोशाने नरबळी देतो. रूपक जबरदस्त आहे. बाप आणि लहान मुलगा उत्तरेकडे मोटारीने निघतात, तो सुरुवातीचा भाग विसरता येत नाही. पुढे मात्र पंथाच्या विधींचा तपशील इतका वाढतो की लष्करशहांचा खरा गुन्हा मागे सरकतो. अत्याचार सैतानाच्या नावे लिहिला की माणसाची जबाबदारी हलकी होते. आम्पुएरो आणि श्वेब्लिन हा मोह टाळतात, म्हणून त्या अधिक खोल जातात.

दुसरी चिंता बाजाराची आहे. पूर्वी ‘जादुई वास्तववाद’ हा शिक्का प्रत्येक पुस्तकावर बसे, आता ‘लॅटिन गॉथिक’ बसतो. बार्सिलोनाच्या प्रकाशकाने उचलल्याशिवाय खंडातल्या खंडात पुस्तक फिरत नाही, ही साठच्या दशकातली अडचणही पुरती संपलेली नाही. जी लेखिका भयाशिवाय, साध्या आवाजात लिहिते, तिला या शिक्क्यामुळे पुन्हा धाकट्या बहिणीची जागा मिळेल, अशी मला भीती वाटते.

आपल्यापर्यंत हे लेखन मुख्यतः इंग्रजीतून येते, म्हणजे कोणीतरी आधीच निवडलेले. स्पॅनिश शिकलेली मराठी मुले-मुली आता कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणी सिल्विना ओकाम्पोच्या दहा कथा थेट मराठीत आणल्या, तर विजयाच्या घरात तेव्हा आणखी कोण लिहीत होते ते आपल्याला कळेल, आणि एन्रिकेझ-श्वेब्लिन यांचे भय कुठल्या खोलीतून आले तेही.