दोन फुटी टाकीत न मावणारं अंतर

ॲक्वेरियमच्या दुकानात काळा, रिबिनीसारखा लहरत पोहणारा, शेपटीवर पांढरे पट्टे असलेला ‘ब्लॅक घोस्ट’ तुम्ही पाहिला असेल. बोटाएवढा असतो, म्हणून इथे पनवेलच्या फ्लॅटमध्येही दोन फुटी टाकीत सोडला जातो. पुढे तो फूटभराहून मोठा होतो, पण प्रश्न फक्त लांबीचा नाही.

दक्षिण अमेरिकेतला हा मासा सेकंदाला साधारण हजार वेळा अगदी सौम्य विजेची स्पंदनं सोडतो. भोवतीच्या वस्तूंमुळे त्या विद्युतक्षेत्रात झालेला बदल त्याच्या कातडीला कळतो. अंधारात वाट शोधणं आणि शेजारी ओळखणं, दोन्ही त्यावरच चालतं.

हेनिंगर, बेंडा आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा शोधनिबंध मला आवडतो तो इथे. त्यांनी पनामातल्या एका ओढ्यात इलेक्ट्रोडची जाळी टाकली आणि ॲप्टेरोनोटस रोस्ट्रेटस या त्याच्या नातेवाईकाचे रात्रीचे संकेत नोंदवले. मादीजवळच्या नराने घुसखोर नराला कधी कधी मीटरभराहून लांबून हेरून हाकललं. इतक्या क्षीण संकेतांची प्रयोगशाळेत फारशी चाचणीच झाली नव्हती. का? तिथे मासे जवळजवळच ठेवलेले असतात!

मात्र निबंधाला मर्यादा आहेत. ओढा एक, विणीचा हंगाम एक. मासा दिसत नव्हता, फक्त त्याची वीज ऐकू येत होती. म्हणजे ‘हल्ला’ हा हालचालींवरून काढलेला अर्थ. आणि मादीचा एक लांब संकेत अंडी घालण्याशी जोडलेला आहे, हे पटवायला त्यांना दुसऱ्या एका नातेवाईक जातीचं काचेच्या टाकीतलं चित्रीकरणच वापरावं लागलं. म्हणून ‘टाकीतलं सगळं खोटं’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. शिवाय रोस्ट्रेटसचे आकडे ब्लॅक घोस्टला जसेच्या तसे लावताही येणार नाहीत.

पण दिशा स्पष्ट आहे. दोन फूट म्हणजे साठ सेंटीमीटर. अशा टाकीत दोन ब्लॅक घोस्ट ठेवले, तर त्यांना एकमेकांच्या विजेपासून लांब जाताच येत नाही. भांडण दिसलं की आपण ‘स्वभावच तापट’ म्हणतो.

पाळायचाच असेल तर एकच पाळा. मोठी टाकी, मंद उजेड आणि लपायला एक नळी द्या. जमत नसेल, तर दुकानातच बघून परत या.